अठराव्या मिनिटाची दुरुस्ती

तळेगाव दाभाडे
६ ऑक्टोबर २०२५

चि. रुचिर यास,

अनेक आशीर्वाद.

ऑक्टोबरचा हंगाम सुरू झाला. नियम तुला पाठ आहेत, तरी दर तीन महिन्यांनी मी ते पत्राच्या डोक्यावर लिहिते. नियम लिहिलेले नसले की माणूस ते सोयीने आठवतो. एक, नव्या ॲनिमे मालिकांचा फक्त पहिला भाग, पण पूर्ण, बघून मत लिहायचं. दोन, दोघांनी एकाच दिवशी पत्र टपालात टाकायचं, म्हणजे एकाचं मत दुसऱ्याला चिकटत नाही, आणि मधे फोनवर अवाक्षर काढायचं नाही. तीन, तिसऱ्या भागानंतर मत बदललं तर दुरुस्तीची वेगळी चिठ्ठी जोडायची, पहिलं मत खोडायचं नाही. पाय प्लास्टरमध्ये घालून तू बाराव्या वर्षी माझ्याकडे दोन महिने पडून होतास, तेव्हा हे नियम आपण वहीच्या मागच्या पानावर लिहिले होते. ती वही अजून आहे.

आता मतं.

'मेलो आणि विहिरीचा रहाट झालो' : नायक ट्रकखाली येतो आणि दुसऱ्या जगात रहाट म्हणून जन्मतो. या वर्षातली ही सातवी पुनर्जन्माची मालिका. मेल्याशिवाय कुणाला नायक होताच येत नाही का? रहाट बोलतो खूप आणि पाणी काढत नाही. माझ्या ग्रंथालयात असे दोन प्राध्यापक येतात.

'भुतांची दंतवैद्य' : आवडली. एक मध्यमवयीन बाई, तिचा जुना दवाखाना, आणि दाढदुखीने रडणारा राक्षस. बाई कुणालाही भीत नाही आणि कुणावर खेकसत नाही. पार्श्वसंगीत कमी आहे, देव त्यांचं भलं करो.

'तिसऱ्या बाकावरची कात्सुरा' : कथा शाळेची, पण कॅमेरा सगळा वेळ मुलींच्या गुडघ्यांच्या उंचीवर. मी दोनदा थांबवून खात्री केली, कारण आरोप करण्याआधी मोजावं. बावीस मिनिटांत चौदा वेळा. लाज वाटायला हवी.

'धुक्यातला गड' : हा जपानीत, खालच्या इंग्रजी ओळी वाचत, पूर्ण पाहिला. हंगामातली सर्वांत चांगली मालिका. वेढा पडलेला गड, आणि खालच्या गावातली भातशेती करणारी म्हातारी, सायो. मग कळलं की ही मालिका मराठीतही आली आहे. मराठीत! मी चहाचा कप घेऊन बसले आणि चौदाव्या मिनिटाला बंद केलं. पूर्ण भाग बघायचा नियम मोडला, ही नोंद.

का बंद केलं ते सांगते. गडावरचा सरदार, त्याचा मुलगा, अगदी वाटेवरचा चोरसुद्धा शुद्ध पुणेरी बोलतो. सायो एकटी 'अगं बया', 'लय भारी', 'न्हाई जी' असं नाकातून किंचाळते. जपानीत ती चार वाक्यं बोलते आणि चारही वेळा समोरचा मान खाली घालतो. मराठीत तिच्या प्रत्येक वाक्याला मागून टुंग वाजतो. ग्रामीण बाई तोंड उघडणार म्हणजे हसायचं, हे कुणी ठरवलं? ज्यांच्या शेतातला तांदूळ खातो त्यांच्या बोलीला आपण टुंग लावतो. हा संवादलेखक कोण आहे ते मला ठाऊक नाही, पण त्याला एखादी आत्या असेल तर तिने त्याचा कान धरावा.

तुझी सुनेत्राआत्या

मुंबई
६ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,

सा. न. वि. वि.

मतं आधी. रहाट: पहिल्या पाच मिनिटांत झोपलो. कात्सुरा: तू मोजलं असशीलच, माझ्याकडून पंधरा. दंतवैद्य: मस्त, तुला ती बाई तुझ्यासारखी वाटेल, आणि तू ते लिहिणार नाहीस.

चौथ्याबद्दल मत देता येत नाही, कारण 'धुक्यातला गड'चे मराठी संवाद मी लिहिलेत!

जुलैपासून गप्प बसलोय. बाबांनाही सांगितलं नाही. तुझं मत बंद पाकिटात, निःपक्ष, असं मिळायला हवं होतं. आत्या, ही माझी पहिली पूर्ण मालिका. बारा भाग. सहा महिने कच्चा म्हणून ठेवलंय, ही नीट गेली तर कायम करतील.

आणि अठराव्या मिनिटाला तुझ्यासाठी भेट आहे. बघितलीस तेव्हा हसून खुर्चीतून पडली असशील. रेकॉर्डिंगला काचेपलीकडे सगळे डोळे पुसत होते. पवनसर, आमचे दिग्दर्शक, म्हणाले की हे वाक्य सायोचं पालुपद करू, प्रत्येक भागात येऊ दे. जाहिरातीतही तेच घेतलंय.

तुझ्या पत्राची वाट बघतोय. 

तुझा रुचिर

तळेगाव
१० ऑक्टोबर

रुचिर,

आपली पत्रं वाटेत कुठेतरी एकमेकांना ओलांडून गेली. माझं तुला मिळालं असेल. त्यातलं कान धरण्याचं वाक्य मी परत घेत नाही. नियम तीन.

काल अठरावं मिनिट पाहिलं. जपानीत काय आहे ते आधी लिहिते, कारण तू ते विसरलेला दिसतोस. लढाईत सायोचा नवरा गडावर जखमी झालाय. त्याला बघायला ती दोरांनी ओढल्या जाणाऱ्या पाळण्यात उभी राहून वर जाते. चाळीस सेकंद. एक शब्द नाही. दोराचा करकर आवाज, धुकं, आणि तिची दोराला धरलेली मूठ. मी ते चाळीस सेकंद तीनदा पाहिले होते.

त्या चाळीस सेकंदांवर तू वाक्य चिकटवलंस: "अगं बया, एवढी चकचकीत खोली, अन् बसायला साधा पाटबी न्हाई व्हय?" आणि टुंग.

पाळणा वेताचा आहे. चकचकीत कुठून आला? मला ठाऊक आहे कुठून आला. हे वाक्य तुझं नाही. ते इंदुरीच्या नंदामावशींचं आहे. वीस वर्षं ज्या आपल्याला इंद्रायणी तांदूळ देतात, त्यांचं. अकरा वर्षांपूर्वी तळेगावच्या दवाखान्यात त्या पहिल्यांदा लिफ्टमध्ये चढल्या, तेव्हाचं. वर चौथ्या मजल्यावर त्यांचे यजमान कोंडाजी शेवटच्या घटका मोजत होते. त्याच दिवशी ते गेले.

एका बाईच्या आयुष्यातल्या सर्वांत वाईट दिवसाचं तू पालुपद केलंस. बारा भागांत बारा वेळा. तुला काहीच कसं वाटलं नाही? आणि ज्या प्रसंगात लेखकाने मोठ्या कष्टाने शांतता ठेवली होती, तीच जागा तुला रिकामी दिसली?

मी रागावले आहे. हे पत्र एक दिवस ठेवून मग टाकणार होते. तसंच टाकते आहे.

सुनेत्रा

मुंबई
१४ ऑक्टोबर

आत्या,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं मी चार दिवस खिशात घेऊन फिरलो. बोलीबद्दल तू लिहिलंस ते बरोबर असेल. टुंग माझा नाही, तो आवाजवाल्यांचा, पण मी विरोधही केला नाही. ते मान्य.

पण दुसऱ्या पत्राबद्दल मला सांगायचंय, आणि मीही हे पत्र ठेवणार नाही.

मला काहीच कसं वाटलं नाही? कारण मला काहीच ठाऊक नव्हतं! कोंडाजीआबा वारले हे माहीत होतं. दवाखाना माहीत नव्हता. तुझ्या गोष्टीत दवाखाना कधीच नव्हता. तुझ्या गोष्टीत 'एका मोठ्या इमारतीत' होतं.

दर भाऊबीजेला लोणावळ्याला आमच्याकडे जेवणं झाली की बाबा म्हणायचे, सुनू, वही काढ. तू डायरीतले किस्से वाचायचीस. आणि शेवटी सगळे ओरडायचे, लिफ्ट, लिफ्ट. तू वही बाजूला ठेवायचीस, डोक्यावर पदर घ्यायचीस, नाकातून आवाज काढायचीस. 'अगं बया, एवढी चकचकीत खोली.' मग हॉलच्या मधोमध फतकल मारून बसायचीस. बाबांना ठसका लागायचा. मी पंधरा वर्षांचा होतो, सोळा, वीस. ते वाक्य मला तुझ्या आवाजात पाठ आहे. रेकॉर्डिंगला मी राजेश्वरीला, सायोचा आवाज देणाऱ्या बाईंना, ते तुझी नक्कल करून दाखवलं. तो नाकातला सूरसुद्धा तुझ्या घशातूनच निघालाय.

ग्रामीण बाई तोंड उघडणार म्हणजे हसायचं हे कुणी ठरवलं, असं तू विचारलंस. आमच्या घरात तू ठरवलंस.

तू इतकी नोंदी ठेवणारी. वही काढ आणि बघ काय लिहिलंयस.

भाऊबीजेला मी येत नाही. सहाव्या भागाचं रेकॉर्डिंग आहे.

रुचिर

तळेगाव
२५ ऑक्टोबर

रुचिर,

उत्तर द्यायला अकरा दिवस लागले. पहिले दोन दिवस मी मनात तुझ्यावर चिडण्यात घालवले. तिसऱ्या दिवशी वही काढली. नोंद जशीच्या तशी उतरवते:

"१९ मे २०१४. उकाडा. नंदामावशी पहिल्यांदा लिफ्टमध्ये चढल्या. वर जाताना म्हणतात कशा, अगं बया, एवढी चकचकीत खोली, अन् बसायला साधा पाटबी न्हाई व्हय! आणि खाली बसल्याच. मला हसू आवरेना. दिगंबरला सांगायला हवं. संध्याकाळी वीज गेली."

एवढंच. कोंडाजींचं नाव नाही. दवाखाना नाही. वीज गेल्याची नोंद आहे, माणूस गेल्याची नाही. दुसऱ्या दिवशी फक्त 'इंदुरीला जाऊन आले'. मी तुला इतक्या तोऱ्यात लिहिलं की तू एका बाईचा वाईट दिवस वापरलास. तो दिवस तुझ्याकडे येण्याआधीच मी साफ धुऊन ठेवला होता. तुला हसण्यापुरता दिला.

सतरा वर्षांची असल्यापासून रोज लिहिते. मला वाटायचं, माझी वही म्हणजे पुरावा.

परवा भाऊबीज झाली. तुझ्या बाबांच्या, दिगंबरच्या, फोनवर तुझी जाहिरात होती. त्याने ती चाळीतल्या सगळ्यांना पाठवलीय. ओवाळून झाल्यावर तो म्हणाला, "सुनू, तुझी लिफ्ट टीव्हीवर गेली बघ! करून दाखव एकदा, मूळ कलाकाराकडून."

मी म्हटलं, "आज नाही करणार."

"का? भाव खातेस?"

मग मी सगळं सांगितलं. कोंडाजी वर होते हे सांगितलं. दिगंबरच्या हातातला करंजीचा तुकडा तसाच राहिला. तो म्हणाला, "अगं, म्हणजे इतकी वर्षं आपण..." तुझी आई, अनितावहिनी, ताटं उचलत होती. ती म्हणाली, "मला ठाऊक होतं. त्या दिवशी दवाखान्यात डबा मीच नेला होता."

"मग बोलली नाहीस कधी?" दिगंबर चिडला.

"सगळे हसत होते," ती म्हणाली. "मध्येच कुठे बोलणार?" आणि ताटं घेऊन आत गेली.

वहिनी दरवर्षी हसायची की नाही, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. आता आठवायचा प्रयत्न केला तर ती नेहमी स्वयंपाकघरात होती असं आठवतं. सोयीने आठवत असेन.

माझी चूक मोठी, म्हणून तुझी लहान होत नाही. मी एका हॉलमध्ये वीस माणसांना हसवलं. तुझं वाक्य फोनाफोनांत फिरतंय. ते पालुपद थांबव.

आत्या

मुंबई
२९ ऑक्टोबर

आत्या,

तुझं पत्र वाचून आईला फोन केला. मालिकेबद्दल बोललो नाही. तिला फक्त विचारलं, तू हसायचीस का? ती म्हणाली, "झोप आता, उद्या काम असेल." सकाळचे अकरा वाजले होते.

पवनसरांशी बोललो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "त्या बाईंनी तक्रार केलीय का?" म्हटलं, नाही. "मग अडचण कुणाची आहे? तुझी की तुझ्या आत्याची?" सहा भाग रेकॉर्ड झालेत, चार दाखवून झालेत. लोक ते वाक्य बोलायला लागलेत. पुढच्या सहा भागांतून काढायचं तर कारण लागेल, आणि 'वाईट वाटतं' हे कारण नाही, असं म्हणाले.

एक सुचवू? तू इंदुरीला जा. मावशींना सांग. त्या मनाने मोठ्या आहेत, कदाचित हसतील आणि म्हणतील, जाऊ द्या. त्यांची हरकत नसेल तर आपण का ताणायचं? त्यांनीच 'नको' म्हटलं, तर मला कारण मिळेल.

सात नोव्हेंबरला सातव्या भागाचं रेकॉर्डिंग आहे.

रुचिर

तळेगाव
३ नोव्हेंबर

रुचिर,

तुझी सूचना वाचून संताप आला. आपण दोघांनी केलेल्या गोष्टीचा निकाल त्या म्हातारीच्या मोठ्या मनावर सोडायचा, आणि ती हसली की आपण सुटलो! आधी स्वतः ठरव की ते चूक आहे का. मग तिला विचार. पण हे रागाने लिहिताना मला कबूल करायला हवं, की इंदुरीला जाताना रिक्षात मीही हेच मनात धरून बसले होते. हसल्या तर बरं होईल.

काल रविवारी गेले. गढीच्या मागच्या खाचरात कापणी चालू होती. नंदामावशी बांधावर पेंढ्या बांधत होत्या. त्यांचा मुलगा निलेश मला बघून विळा घेऊन उभा राहिला. दरवेळी 'या ताई' म्हणतो. काल म्हणाला, "आलात व्हय. शेजारच्या पप्पूनं मोबाइलवर दावलं आमाला. समदं गाव आईला पाट इचारतंय. दुकानात गेली तरी. हितं बसायला पाट हाय का, म्हातारे?"

मी म्हटलं, "निलेश, ते माझ्यामुळे..."

"तुमच्यामुळंच. पाटाचं आईनं मलाच सांगितल्यालं. त्या लिफ्टात तुमी आन् आईच व्हतात. तिसरं कोन व्हतं?"

"निल्या, गप," मावशी म्हणाल्या. "ताई, सावलीला या. आदी पानी प्या."

मी सगळं सांगितलं. भाऊबीज, नक्कल, तू, सगळं. त्या ऐकत पेंढी बांधत राहिल्या. हसल्या नाहीत, रडल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पप्पूनं बारकं दावलंया. आख्खं हाय का तुमच्याकडं?"

टॅबलेट नेला होता. आंब्याखाली पोत्यावर बसून आम्ही पहिला भाग पाहिला, जपानीतला. मी गोष्ट सांगत होते. पाळणा आला तेव्हा त्यांनी विचारलं, "ही कुटं निगाली?"

"नवऱ्याला बघायला. तो वर आहे."

"जित्ता हाय?"

"तिला माहीत नाही अजून."

 पाळणा वर पोचेपर्यंत त्यांचा हात पेंढीच्या गाठीवर तसाच होता. मग म्हणाल्या, "शानी बाई हाय. गप उबी हाय." आणि, "आता आपल्यातलं दावा."

दाखवलं. टुंग वाजला. निलेश उठून बांधाच्या टोकाला गेला.

"असं कोन बोलतंय आमच्यात?" मावशी म्हणाल्या. "नाक दाबलंया का तिचं?" मग म्हणाल्या, "ताई, चकचकीत म्या न्हवतं म्हनलं."

"हो मावशी. ते मी घातलं असेन."

"आन् वर जाताना न्हवतं म्हनलं. वर जाताना म्या बोललेच न्हाई. हिच्यावानी. खाली येताना म्हनलं."

रुचिर, मला आधी कळलंच नाही. त्यांनीच सांगितलं. वर डॉक्टरांनी त्यांना आणि निलेशला आत बोलावलं. मी बाहेर फोनवर होते. निलेश कागदांसाठी थांबला, आणि त्या बाहेर येऊन मला म्हणाल्या, खाली चला. मी विचारलं नाही. लिफ्टमध्ये त्यांनी भिंतीला हात टेकला. त्या म्हणाल्या, "ताई, हितं बसायला काय न्हाई का, पाटबिट?"

"तुमी हसला," मावशी मला म्हणाल्या. "म्हनला, मावशी, ही लिफ्ट हाय, आत्ता उतरायचं. म्या म्हनलं, ताईला उमगलं न्हाई. मग म्या खालीच बसले."

हे सगळं आठवलं. खरंच आठवलं. खाली पोचल्यावर दहा मिनिटांनी निलेशने मला सांगितलं, आबा गेले. म्हणजे हसले तेव्हा मला ठाऊक नव्हतं. पण त्या दिवशी वहीत लिहायला बसले तेव्हा ठाऊक होतं. ते हसू मला वहीत असं नको होतं. म्हणून मी 'खाली' चं 'वर' केलं, कोंडाजींना काढून टाकलं, आणि एक खेडवळ बाई पहिल्यांदा लिफ्टमध्ये चढली अशी गोष्ट केली. त्यात माझं हसणं रास्त ठरलं. आणि अकरा वर्षं मी मावशींचं ते बसणं करून दाखवलं, हॉलच्या मधोमध.

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "वही आनलीय न्हवं? वाचा."

मी वाचली. उकाडा, लिफ्ट, दिगंबर, वीज.

"ह्यांचं नाव कुटं हाय?"

"नाही, मावशी."

"इजंचं हाय आन् ह्यांचं न्हाई?"

 त्यांनी पेंढीची गाठ आवळली. म्हणाल्या, "हसल्याचं काय न्हाई. मानूस हसतंय. पर ते माजं बोलनं हाय, मला लागतंय ते. पोराला म्हनावं, दे परत. त्या बाईला गप ऱ्हाऊ दे."

तुला कारण हवं होतं. घे. पण ते सात तारखेला पवनसरांसमोर ठेवताना, 'त्यांनी नको म्हटलं' असं सांगू नकोस. 'मी नको म्हणतो' असं सांग.

निघताना तांदळाचं विचारायचं धाडस झालं नाही. मावशीच म्हणाल्या, "तांदळाचं निलेशला इचारा. त्येचा राग त्येच्यापाशी." निलेश बांधाच्या टोकालाच होता. मी विचारलं नाही.

आत्या

मुंबई
१२ डिसेंबर

ती. आत्यास,

महिनाभर लिहिलं नाही, कारण काय होतंय ते बघत होतो.

सात नोव्हेंबरला मी सांगितलं. तुझं पत्र खिशात होतं, काढलं नाही. 'मी नको म्हणतो' असंच म्हटलं. पवनसर म्हणाले, कच्च्या माणसाने एवढं ताणू नये. पण राजेश्वरी काचेपलीकडून ऐकत होत्या. त्या तुमच्या मावळातल्याच शिरगावच्या आहेत, हे इतके महिने मला माहीत नव्हतं. त्यांनी माइक चालू करून विचारलं, "म्हणजे आता मी आमच्या आईसारखं बोलू का? नाकातून नको?" उत्तराची वाट न बघता त्या बोलल्या. सायोचं साधं वाक्य होतं, 'भात लावून झालाय, आता कुणीही येऊ दे.' खोलीत कुणी हसलं नाही. पवनसर म्हणाले, ठीक आहे, पुढे चला.

सातव्या भागापासून पालुपद नाही. पहिल्या सहांतलं काढता आलं नाही, जाहिरातही तशीच फिरतेय. ते मी मावशींना परत देऊ शकलो नाही. खोटं कशाला लिहू.

गेल्या महिन्यात आठवा भाग लागला. त्यात पाळणा खाली येतो. सायो एकटी असते, आणि पाळण्याच्या तळाशी बसलेली असते. जपानीत संवाद नाही. मीही लिहिला नाही. राजेश्वरींनी फक्त श्वास घेतलाय. भागाखालच्या प्रतिक्रियांत लोकांनी लिहिलंय, म्हातारीचं ते मजेशीर वाक्य कुठे गेलं? मालिका पडली आता.

जानेवारीच्या हंगामाची यादी लागली. माझं नाव नाही. कायम करणं तर राहूच दे. बाबांना अजून सांगितलं नाही, आईला सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलंस." एवढंच, पण या वेळी फोन ठेवायची घाई केली नाही.

मी इंदुरीला जावं का? की ते पुन्हा माझ्या सुटकेसाठी होईल?

तुझा रुचिर

तळेगाव
१८ डिसेंबर

चि. रुचिर यास,

अनेक आशीर्वाद.

आठवा भाग पाहिला. दोनदा. मत लिहीत नाही. त्याला नियमच नाही.

नोकरीचं वाचून मला पुन्हा राग आला, आणि या वेळी तो तुझ्यावर नाही. चूक केलीस तेव्हा कायम करणार होते, दुरुस्त केलीस तेव्हा नाव काढलं. जानेवारीत तुझं नाव नसलं तरी तुझं पत्र असायला हवं. पहिला भाग, बंद पाकीट.

इंदुरीला जा. सुटकेसाठीच जाशील, माणूस तसाच जातो. पण तिथे गेल्यावर बोलू नकोस फार. झोडणी संपली असेल, पेंढा रचायचा असेल. हात लाव.

काल निलेश आला. फाटकाशी मोटारसायकल थांबवून त्याने पोतं उतरवलं. "आईनं धाडलंय," म्हणाला. "ये ना आत, चहा घे," म्हटलं. "न्हाई, घाई हाय." गाडी चालू करताना म्हणाला, "ते म्हातारीचं बसल्यालं बघितलं आमी. आईनं दोनदा लावाय सांगितलं." आणि गेला. चहा घेतला नाही. पोतं दरवर्षीइतकंच भरलेलं होतं.

दुरुस्तीची चिठ्ठी जोडते आहे. एक तुला. दुसरी मी १९ मे २०१४ च्या पानावर चिकटवली. वरची नोंद खोडलेली नाही.

तुझी आत्या

दुरुस्ती

ती खोली नव्हती, लिफ्ट होती. ती चकचकीत नव्हती. नंदाबाई वर जाताना काही बोलल्या नाहीत. खाली येताना त्यांनी बसायला काही आहे का विचारलं, आणि मी हसले. त्या लिफ्टच्या जमिनीवर बसल्या. कोंडाजी वर होते. ते त्या दिवशी दुपारी गेले. वीज संध्याकाळी गेली.